दहा मीटरला किती सेकंद

उंबराच्या झाडापासून शेपटापर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, पाटाची लांबी चार किलोमीटर आठशे मीटर. मी ती घायपाताच्या दोरीने दोनदा मोजली. दुसऱ्या वेळी अकरा मीटर जास्त आली, कारण दोरी भिजून आखडली होती, म्हणून पहिला आकडा धरला. वाटेत शेतांकडे पाणी सोडायची दारं एक्केचाळीस. कड्याला चिकटून पाणी नेणाऱ्या, खोडं कोरून केलेल्या पन्हळी सतरा, त्यांतल्या पाच फुटक्या. पाटावर हक्क असलेली कुळं, म्हणजे घराणी, नऊ. भिजणारी शेतं एकशे चौऱ्याण्णव. हक्क असूनही न भिजणारी शेतं एकोणीस, सगळी शेपटाला. या एकोणीसपैकी सात शेतांना कुंपणही उरलेलं नव्हतं. काटे जळणासाठी कुणीतरी नेले होते आणि मालकाने विचारलंही नव्हतं.

पाटाचं मुख, जिथे तो चेसेगेर नदीतून फुटतो, ते मी मोजलं नाही. उंबरापासून वर बाईने जायचं नाही. वरचे सोळाशे मीटर तोरोइतिच काकांनी पावलांनी मोजून मला सांगितले.

हे सगळं मी एका आठवड्यात मोजलं ते सेलिना मॅडममुळे. त्या आमच्या वॉर्डाच्या अधिकारी, आणि मी त्यांच्या ऑफिसात सहा महिन्यांसाठी आकडे गोळा करायला लागलेली, एल्डोरेटहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन परत आलेली मुलगी. त्या दिवशी मी दारात पोचले तर त्या खुर्ची सोडून उभ्याच होत्या.

"जेसांग, बस. नको, उभीच राहा. बसून ऐकायची गोष्ट नाहीये ही."

"काय झालं मॅडम?"

"यंदा सिंचनाचं काम कुठलं करायचं ते काउंटी ठरवणार नाही. वॉर्ड ठरवणार! पुढच्या शुक्रवारी, चिंचेखाली, हात वर करून. आणि काम ज्याचं त्यानेच करायचं, बाहेरचा ठेकेदार नको म्हटलं तरी चालेल. मी कागद तीनदा वाचला."

मी तो चौथ्यांदा वाचला. खरंच तसं लिहिलं होतं.

ज्याला हे साधं वाटेल त्याने आमचे पाइप पाहिलेले नाहीत. सगळं नैरोबीत ठरायचं तेव्हा एकदा दोन ट्रक भरून नव्वद लोखंडी पाइप आले. पाणी कुठून घ्यायचं हे कुणीच विचारलं नव्हतं. सहा पाइपांचे शाळेत गोलपोस्ट झाले. दहा-बाराजणांनी झाडावर टांगले, त्यांत आता मधमाश्या राहतात. मध चांगला असतो. पुढे काउंट्या झाल्या, जिल्ह्याजिल्ह्याचं सरकार आलं, सगळं जवळ आलं, पण जवळ म्हणजे चार तासांवर.

"पण एक अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "काउंटीचे इंजिनियर कोमेन साहेब आराखडा घेऊन येणार आहेत. मुखाशी काँक्रीटचा बंधारा. रंगीत नकाशा आहे. मी पाहिला, फार सुंदर आहे. तो बघून लोक हात वर करतील. तुला दुसरं काही सुचत असेल तर आकडे आण. तोंडी बोललेलं लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही."

मला दुसरं काही सुचत होतं असं नाही. मला फक्त एवढं माहीत होतं की शेपटाच्या एकोणीस शेतांत माझ्या तापकिगेन आत्याचं शेत आहे. दोन वर्षं तिने मूग पेरला आणि दोन्ही वर्षं तो वीतभर होऊन वाळला. मुगाचा व्यापारी वॉर्डातून दोन ट्रक भरत असतील तरच गाडी पाठवतो, आणि आमच्याकडे एक भरतो. वरच्यांचा मूगही त्यामुळे गाढवावरून जातो. आत्याने ठरवून टाकलं होतं: या हंगामात पाणी आलं नाही तर ती मोठ्या रस्त्यावर खडी फोडायला जाणार. तिच्या शेजारचे सातजण गेलेच होते.

बंधारा बांधून मुखाशी जास्त पाणी घेतलं तर ते शेपटापर्यंत पोचेल का? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण पाणी वाटेत कुठे जातं हे कधी कुणी मोजलं नव्हतं.

म्हणजे कुठे जातं हे सगळ्यांना माहीत होतं. कापसिरेनवाले चोरतात. पाटाच्या मध्यावर, दरड कोसळून झालेल्या धोंड्यांच्या उताराला लागून कापसिरेन कुळाची शेतं आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला पाणी भरपूर आणि खालच्या अंगाला निम्मं. आणखी काय पुरावा हवा? तोरोइतिच काका कापसिरेनचेच. ते रस्त्यात दिसले की लहान पोरंही ओंजळ झाकून चालायची.

मंगळवारी बाभळीखालच्या गोल दगडांवर कोकवो भरली. कोकवो म्हणजे नऊ कुळांच्या पुरुषांची बैठक, पाटाचं सगळं तिथेच ठरतं. बायका दगडांच्या मागे बसतात. मी मागूनच उभी राहून सांगितलं: उद्या सकाळी सात ते अकरा सगळी एक्केचाळीस दारं बंद हवीत. पाणी सरळ शेपटाच्या सांडव्यातून जाऊ द्यायचं. आणि चार ठिकाणी एकाच सकाळी मोजायचं: मुखाशी, उंबराशी, दरडीच्या खाली आणि शेपटाला.

असा गलका झाला की बाभळीवरची पाखरं उडाली.

"चार तास? माझी पाण्याची बारी आहे उद्या!"

"पाणी मोजून काय होणार? ते आहे तेवढंच आहे."

"यानोच्या बकऱ्या मोज, त्या वाढतात."

यानो आजोबा पाटाचे प्रमुख. वय त्र्याहत्तर किंवा शहात्तर, कुठल्या दुष्काळापासून मोजायचं यावर अवलंबून. त्यांनी काठी आपटली. "पोरी, मुखाशी कोण मोजणार? तू तर येणार नाहीस."

"तुम्ही, आजोबा."

"मी?"

"दहा मीटरवर दोन खुंट्या. वरच्या खुंटीशी संत्रं सोडायचं, खालच्या खुंटीशी पोचेपर्यंत सेकंद मोजायचे. मग रुंदी आणि खोली. गुणाकार मी करीन. तुमच्या फोनमध्ये सेकंद मोजायची सोय आहे."

"याच्यात?" त्यांनी बटणांचा फोन खिशातून काढला आणि इतकी वर्षं त्याने ही गोष्ट लपवून ठेवल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही शाळेमागच्या चरात सराव केला. आजोबांचा अंगठा जाड होता, एका वेळी दोन बटणं दाबली जायची. अकराव्या वेळी जमलं, आणि मग ते थांबेनात. बाजूने जाणारं कोंबडं, सायकल, ढगाची सावली, सगळ्याचे सेकंद काढून झाले. तोरोइतिच काका शेवटी संत्रं सोलून खात बसले.

"काका, ते मोजायचं साधन आहे!"

"मोजून झालं. गोड आहे."

बुधवारी सकाळी नवाला दहा मिनिटं असताना मी आणि आत्या उंबराखाली तयार होतो. आत्या खालच्या खुंटीशी फडकं घेऊन उभी, मी वरच्या खुंटीशी. ठरल्याप्रमाणे सव्वानऊला वर आजोबा आणि खाली आम्ही एकाच वेळी मोजणार होतो. सव्वानऊ. संत्रं सोडलं. अठरा सेकंद. पुन्हा अठरा. मग साडेसतरा, मग साडेअठरा. रुंदी एकशे दहा सेंटिमीटर, खोली एकोणतीस. कडेचं पाणी हळू चालतं म्हणून पाऊण धरायचं. सेकंदाला एकशे तेहेतीस लिटर.

एकशे तेहेतीस! मी तो आकडा मोठ्याने म्हणून पाहिला. माझ्या आजीच्या आजीच्या आधीपासून हे पाणी इथून वाहतंय, आणि त्याला आज पहिल्यांदा आकडा मिळाला होता.

"चांगला आहे का?" आत्याने विचारलं.

"चांगला-वाईट नसतो, आत्या. आकडा आहे."

"मग नाचतेस कशाला?"

दहाच्या सुमाराला मात्र विचित्र प्रकार झाला. बघता बघता पाणी पाच बोटं उतरलं.

"कापसिरेनवाले!" आत्या ओरडली. "दार उघडलं मेल्यांनी!"

"अगं आत्या, ते आपल्या खाली आहेत."

"त्यांचं काही सांगता येत नाही."

अर्ध्या-पाऊण तासाने पाणी पुन्हा चढलं. मी वहीत वेळा टिपल्या आणि दरडीकडे निघणार, तेवढ्यात वरून तोरोइतिच काका धावत आले. साठीचा माणूस, पण आमच्याकडे साठीला धावणं सुटत नाही. टोपीत कागद, हातात केळीच्या पानाची पुडी.

"हा तुझा आकडा. आणि हा तुझा वाटा, मोठ्यांनी पाठवलाय."

पुडीत भाजलेलं बकऱ्याचं मांस होतं. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि कागद उघडला. रुंदी एकशे वीस, खोली चोवीस, वेळ सव्वीस सेकंद. पाच वेळा मोजलेलं, पाचही वेळा जवळजवळ तेच. गुणाकार केला. त्र्याऐंशी.

पुन्हा केला. त्र्याऐंशीच.

मुखाशी त्र्याऐंशी लिटर शिरतं आणि सोळाशे मीटर खाली एकशे तेहेतीस वाहतं. मधे एकही झरा मिळत नाही. सेकंदाला पन्नास लिटर पाणी हवेतून तयार झालं होतं.

हा कागद कोमेन साहेबांच्या हातात पडला तर ते म्हणतील, बघा, मुखाशी पाणीच कमी शिरतंय, बंधारा हवा. किंवा म्हणतील, या पोरीला मोजता येत नाही. दोन्हींचा शेवट एकच होता: आत्याच्या हातात खडीचा हातोडा.

मी चावता चावता थांबले.

"काका, बकरं कशाचं?"

"खा की."

"लग्न नाही, बारसं नाही. कशाचं?"

काकांनी आभाळाकडे पाहिलं. "नवी वस्तू मुखात जायची होती ना."

"कुठली नवी वस्तू?"

"तुझं संत्रं."

"संत्र्यासाठी बकरं कापलंत?"

"संत्र्यासाठी कुणी कापतं का? नदीसाठी! परकं काही तिच्या अंगावर आलं की तिला विचारावं लागतं. पण ते सगळं बायकांना सांगायचं नसतं."

"सांगू नका. दहाला पाणी उतरलं आणि पुन्हा चढलं, ते उगाच नाही. मी विचारते, तुम्ही नुसती मान हलवा. मुखाला तोंडं दोन आहेत?"

मान हलली.

"विचारताना एक बंद करतात?"

मान हलायची थांबली. काका आपल्या पायांकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "लहान तोंड. दगड आणि पानं लावून. सगळं उरकेपर्यंत."

"आणि संत्रं कधी सोडलंत?"

"तेव्हाच. तीच तर चांगली वेळ."

मी वही उघडली. दहा वाजून तीन मिनिटं: पाणी पाच बोटं उतरलं. मुखापासून उंबरापर्यंत पाण्याला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे नवाच्या आधी तोंड बंद झालं, आणि त्याची खबर पाण्यानेच दहा वाजता उंबरापाशी आणली. मी सव्वानऊला जे मोजलं ते तोंड बंद व्हायच्या आधी निघालेलं पाणी होतं. सगळं जुळलं, मिनिटासकट! मी काकांना मिठी मारली. ते बिचकले.

"अगं, चरबी लागलीय माझ्या हाताला."

अर्ध्या तासात आजोबा उंबरापाशी उतरले, कपाळाला आठ्या. "मी चुकीचं मोजलं म्हणतेस?"

"तुम्ही अगदी बरोबर मोजलंत. पाणी अर्धवट होतं."

"मग तुझाच आकडा चुकला असेल. मी पाचदा मोजलंय. तू किती वेळा?"

"चार."

"बघ."

मला वाद घालायचा होता. माझ्याकडे वेळा होत्या, वेग होता, कारण होतं. पण त्यांच्या हातात फोन होता, आणि त्यांचा अंगठा बटणावर अजून तयार होता. मला एकदम कळलं की माझ्या सांगण्यावर शुक्रवारी एकही हात वर होणार नाही. मोजणारा पाटाचाच हवा.

"मग तुम्हीच पुन्हा मोजा, आजोबा. सगळीकडे. मुखाशी आता तोंडं उघडी आहेत, तिथून सुरुवात करा. मग इथे, मग दरडीच्या वर, दरडीच्या खाली, शेपटाला. मी नुसते गुणाकार करते. खुंटीलासुद्धा हात लावत नाही."

आजोबांना ते आवडलं, पण एक अडचण होती. दारं पुन्हा बंद ठेवावी लागणार, आणि दुपारची बारी कापसिरेनची. त्यांची पुढची बारी थेट बारा दिवसांनी. सगळे तोरोइतिच काकांकडे बघू लागले. त्यांची ज्वारी मला उंबरापासूनही दिसत होती, कडेने पिवळी पडत चाललेली.

काकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"घ्या. चोरांच्या बारीला कोण विचारतं? पण मोजताना मी शेजारी उभा राहणार. नंतर म्हणाल, तोरोइतिचनं संत्रं पळवलं."

दुपारच्या उन्हात आम्ही पाटाकाठाने निघालो. आजोबा पुढे, फोन हातात धरून. मुखाचा नवा आकडा ते वर जाऊन घेऊन आले होते: एकशे बेचाळीस. उंबराशी त्यांनी स्वतः मोजलं: अठरा सेकंद, एकशे तेहेतीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण "हं" म्हणाले. माझे हात नुसते शिवशिवत होते. खुंटी किंचित तिरपी होती. मी हात पाठीमागे बांधले. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि ती स्वतःच सरळ केली.

दरडीच्या वर: एकशे सव्वीस.

दरड चारशे मीटरची. तिथे पाट धोंड्यांच्या उतारावरून जातो, तळाला माती आणि पाला चोपलेला. एकही दार नाही, एकही शेत नाही. चोराला उभं राहायलाही जागा नाही. आम्ही पलीकडे पोचलो. आजोबांनी संत्रं सोडलं. पाचदा सोडलं. मग काठी पाण्यात उभी केली आणि ओल्या खुणेकडे बराच वेळ बघत राहिले. गुणाकाराची गरजच नव्हती, तरी मी केला.

"अठ्ठावन्न," मी म्हणाले.

"आणि वर?"

"एकशे सव्वीस."

आजोबा मागे फिरले. दरडीच्या मध्यावर गेले, काठी ठेवली आणि त्र्याहत्तर किंवा शहात्तर वर्षांचा तो माणूस पाटाच्या कडेला पालथा पडला. कान धोंड्यांच्या फटीला लावला. आम्हाला वाटलं, उन्हाने चक्कर आली. आत्या धावली.

"गप्प!" ते ओरडले. "सगळे गप्प!"

मग हात वर करून त्यांनी बोलावलं. "तोरोइतिच, इकडे ये. कान लाव."

काका आडवे झाले. मीही झाले. खाली, खूप खोल, पाणी पळत होतं. मोठा लोट होता, दोन बैलगाड्या दगडांवरून जाव्यात तसा आवाज. पाटाचं निम्मं पाणी धोंड्यांच्या पोटातून परत नदीकडे चाललं होतं.

तोरोइतिच काका उठले, गुडघ्यावर बसले आणि दरी दुमदुमेल अशा आवाजात ओरडले, "तेवीस बकऱ्या!"

"काय?"

"माझ्या बापापासून आम्ही दंड भरलाय! पाणी चोरल्याबद्दल! तेवीस बकऱ्या खाल्ल्यात तुम्ही, यानो!"

"चोवीस," आजोबा म्हणाले. ते अजून पालथेच होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "एक लंगडी होती, ती मोजली नव्हती."

शेपटाला चौतीस लिटर निघालं. अंधार पडायच्या आत सगळे आकडे वहीत होते, आणि त्यातला एकही मी मोजलेला नव्हता.

शुक्रवारी चिंचेखाली अडीचशेच्या आसपास माणसं जमली. कोमेन साहेब माणूस चांगला, नीट समजावून सांगणारा. त्यांनी नकाशा दोरीवर टांगला. निळी नदी, करडा बंधारा, हिरवी शेतं. लोक जवळ जाऊन बोट लावून बघत होते. मागे कुणीतरी म्हणालं, "माझं शेत एवढं हिरवं कधी होतं?"

"अडचण मुखाशी आहे," साहेब म्हणाले. "आमच्या माणसाने गेल्या वर्षी तिथे जाऊन मोजलं. सेकंदाला फक्त पंच्याऐंशी लिटर शिरतं. त्याआधी नैरोबीच्या लोकांनी मोजलं होतं, तेव्हाही ऐंशी. बंधारा झाला की दीडशे शिरेल."

पंच्याऐंशी. ऐंशी. बुधवारच्या त्र्याऐंशीच्या अगदी जवळचे आकडे. मी उठायच्या आतच यानो आजोबा उठले होते.

"साहेब, तुमचा माणूस म्हणजे हिरव्या टोपीचा? छातीवर यंत्र बांधलेला?"

"हो, तोच."

"त्याच्यासाठी तपकिरी बकरं कापलं होतं."

साहेबांना काही कळेना. "म्हणजे?"

"पाहुणा यंत्र घेऊन मुखात उतरला की बकरं कापायचं आणि लहान तोंड बंद करायचं. सगळं उरकेपर्यंत."

"आणि त्याने मोजलं तेव्हा..."

"तेव्हा बंदच होतं. आम्ही त्याला चांगल्या वेळी उतरवलं."

"आणि नैरोबीचे लोक?"

"त्यांच्यासाठी दोन बकरी. मोठे पाहुणे होते."

आधी तोरोइतिच काका हसले. मग पुढची रांग, मग सगळं पटांगण. सेलिना मॅडमनी तोंडावर फाइल धरली. आजवर जो कुणी बाहेरून पाट मोजायला आला त्याला आम्ही मान दिला, आणि मान म्हणून निम्मा पाट दाखवला. नैरोबीतले आणि काउंटीतले सगळे आराखडे त्या निम्म्या पाटावर उभे होते.

कोमेन साहेबही हसले, पण लवकर थांबले. "मग खरा आकडा किती?"

"एकशे बेचाळीस. मी मोजलाय."

"कशाने?"

आजोबांनी खिशातून संत्रं काढलं.

साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिंचेशेजारच्या पाटात उतरले. आजोबांनी त्यांच्या हातात संत्रं दिलं, फोन स्वतःकडेच ठेवला. तीन वेळा मोजून झालं. साहेबांनी आपल्या वहीत गुणाकार केला, माझी वही मागून घेतली, सगळी पानं वाचली. दरडीच्या पानावर ते बराच वेळ थांबले.

"अडुसष्ट लिटर," ते स्वतःशीच म्हणाले. "चारशे मीटरांत."

"कान लावून ऐकायचं असेल तर चला," तोरोइतिच काका म्हणाले. "फुकट आहे. बकऱ्या आधीच भरल्यात."

"पण दरडीवर दगड-सिमेंटचा पाट टिकेल का? पावसाळ्यात वरून धोंडे येतात. फुटला तर काउंटीची माणसं यायला महिना लागेल."

"काउंटीला कोण बोलावतंय?" आजोबा म्हणाले. "धोंडे आमच्या आजोबांच्या वेळीही येत होते. पडला की दुसऱ्या दिवशी नऊ कुळं जातात. आम्हाला सिमेंट द्या. दगड आणि हात आमचे."

"फॉर्ममध्ये असं काम बसत नाही," साहेब म्हणाले. ते आडकाठी घालत नव्हते. फॉर्ममध्ये खरंच ती ओळ नव्हती.

"फॉर्म आता माझ्याकडे आहे," सेलिना मॅडम म्हणाल्या. "बसवते मी."

हात वर झाले. मी दोनदा मोजले. बंधाऱ्याला एकतीस, दरडीला दोनशे सात. काही जणांनी दोन्हीकडे हात वर केला, ते वजा केले. आत्याने एकच हात वर केला होता, पण तो खाली घ्यायला ती तयार नव्हती. मोजणी संपल्यावरही तो तसाच होता.

काम तेरा आठवडे चाललं. नऊ कुळांनी दिवस वाटून घेतले. सिमेंटच्या गोण्या दरडीपर्यंत गाढवांनी नेल्या. कोमेन साहेब चार वेळा आले. दुसऱ्या वेळी त्यांनी तळाचा उतार बदलायला लावला, आणि आजोबा दीड दिवस त्यांच्याशी भांडून मग म्हणाले, साहेबाचं बरोबर आहे. फुटक्या पाच पन्हळी बदलल्या. खडी फोडायला गेलेल्या सातांपैकी चौघे दगड बसवायला परत आले आणि इथेच राहिले.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, सकाळी सहा वाजता मुखाची दोन्ही तोंडं उघडली. एक्केचाळीस दारं बंद. आत्या शेपटाच्या शेवटच्या शेतात कुदळ घेऊन दार धरून उभी होती, पहाटेपासून. पाणी दिसायच्या आधी तिला त्याचा वास आला म्हणे. मी तिच्या शेजारी होते, मला नाही आला. मग वरून ओरडा ऐकू आला, एकापाठोपाठ एक, कुळाकुळाने, जवळ जवळ येत. त्यामागून पाणी आलं, पुढे पाला आणि फेस ढकलत. आत्याने दार उघडलं नाही. "आधी मोजा!" ती ओरडली. "मोजा आधी, मग सोडते!"

यानो आजोबांनी खुंट्या रोवल्या. प्रवाह स्थिर व्हायला त्यांनी तासभर थांबायला लावलं. मग पाच वेळा मोजलं.

रुंदी नव्वद सेंटिमीटर. खोली बावीस. दहा मीटरला साडेसोळा सेकंद. सेकंदाला चौतीस होतं तिथे नव्वद लिटर.